झडती

वनाच्या फाटकाशी सोमा बेंडकोळी सर
रोज संध्याकाळी आमचे खिसे उलटे करायला लावतात.
काल हेमराजच्या खिशातून तीन हिरडे निघाले,
नसीमच्या वहीतून मोराचं पीस,
आणि माझ्या मोज्यांतून कुसळं.
"कुसळं राहू देत," सर म्हणाले,
"ती तुला धरून आलीत, तू त्यांना नाही."

माझे वडील एकतीस वर्षं नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होते.
गठ्ठ्यांमधून उठायचे, फाटकावर हात वर करायचे,
आणि रिकामे घरी यायचे.
बोटांना तेवढा शाईचा वास.
मी बँकेत चिकटेन असं त्यांच्या मनात होतं.
मी अंजनेरीच्या पायथ्याला, चौघींच्या खोलीत,
लोखंडी पलंगावर, ओल्या बुटांच्या वासात झोपते.

पहिला आठवडाभर आम्हाला फक्त बसायला शिकवलं.
एक तास. एक दगड. तोंड बंद.
चाळीस मिनिटं मला माझं पोटच ऐकू येत होतं.
मग कुठूनतरी एक नाचरा आला,
माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर शेपटीचा पंखा उघडून मिटून
निघून गेला,
मी झाड असल्यासारखा.

हेमराज भोये सुरगाण्याचा.
अंधारात साल चाचपून झाड सांगतो,
पण पेपरात 'कुड्याचे उपयोग' या प्रश्नाखाली लिहून आला:
आईला विचारून सांगतो.
आता भाकरी थापताना लॅटिन नावं घोकतो,
एका भाकरीला एक नाव.
मला त्या पेपरात पैकीच्या पैकी.
आणि दुसऱ्याच दिवशी कारवीत मी दोन तास हरवले.
त्र्यंबक रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते,
रस्ता सापडत नव्हता.
हेमराजने शोधून काढलं, पाणी दिलं,
आणि परत येईपर्यंत एकदाही हसला नाही,
हे मी विसरणार नाही.

स्ट्रेचरच्या सरावाला जखमी नेहमी मीच, वजनाने हलकी म्हणून.
दोन बांबू, चार शर्ट.
उताराला कोणी पुढे राहायचं यावर त्यांचं भांडण चाललेलं,
मी आडवी, आभाळाकडे तोंड करून.
वर एक गिधाड गोल फिरायला लागलं.
"हलत राहा गं," नसीम म्हणाली, "ते बघतंय."

शेवटच्या परीक्षेत एका परक्या माणसाला डोंगर दाखवायचा असतो.
त्या रविवारी परका माणूस आलाच नाही.
वडील आले होते, चिवड्याचा डबा घेऊन.
सर म्हणाले, "हे चालतील."

गुडघ्यामुळे ते हळू चालले. काही विचारलं नाही.
मी सगळं सांगत गेले, जरा जास्तच.
कड्यावरचे पांढरे ओघळ दाखवले,
म्हटलं, ही गिधाडांची घरं, आम्ही चौदा मोजलीत.
त्यांनी दुर्बीण घेतली.
बराच वेळ काही बोलले नाहीत,
फक्त उजव्या हाताचा अंगठा हलत होता,
गठ्ठ्याच्या कडेवरून सरकावा तसा.
"सतरा," ते म्हणाले.
"त्या भेगेच्या आत दोन आहेत. एक त्याच्या मागे."

सरांनी बघितलं. पुन्हा बघितलं.
वहीतला चौदा खोडला.

उतरून फाटकाशी आलो
तर कोणी न सांगता वडिलांनी दोन्ही हात वर केले.
मी म्हणणार होते, पप्पा, इथे तसं नसतं,
पण सर पुढे झाले
आणि त्यांनी खरोखर झडती घेतली, एकेक खिसा:
चष्म्याचं घर, एसटीचं तिकीट, गुडघ्याच्या गोळ्या.
"जा," म्हणाले.

फाट्यावर बस यायला अर्धा तास होता.
वडील दगडावर बसून पँटीची कुसळं काढत होते,
एकेक,
ओठ हलताना दिसत होते.